ढक्कनवाले

बिल अजून माझ्या पाकिटात आहे. रेघी वहीचा फाडलेला कागद, त्यावर निळ्या पेनाने: ‘ढक्कन मोटर १ नग ११००, मजुरी ६००, चहा ५ नग ५०.’ आणि सगळ्यात वर, जिथे माणसाचं नाव लिहितात तिथे, ‘ढक्कनवाले भाऊ, जळगाव’. चौतीस वर्षं बँकेत लोकांची नावं, आडनावं, काना-मात्रेसकट तपासली. निवृत्तीनंतर दोंडाईच्यात हे मिळालं. शिवाय पाच चहांपैकी मी एक प्यायलो होतो.

तर, मोटरहोम. एका हौशी माणसाने मिनीबसवर बांधून घेतलेलं आणि सहा वर्षांत हौस फिटल्यावर विकायला काढलेलं. ते मी घेतलं. बायको म्हणाली, “घरात बसवत नाही म्हणून आता घरच घेऊन हिंडणार का?” या घराच्या दारात दोन पायऱ्यांचा खड्डा आहे. गाडी चालू असताना त्या खड्ड्यावर एक फळी आपोआप सरकून येते, म्हणजे पुढच्या सीटवरच्या माणसाचे पाय अधांतरी लोंबत नाहीत. बटणाची एक बाजू दाबली की फळी येते, दुसरी दाबली की जाते. बारा व्होल्टची मोटर. संपलं. एवढंच आहे ते, पण हे ‘एवढंच’ मला नंतर किती वेळा आणि किती लोकांना समजावून सांगावं लागलं, ते पुढे येईल.

सारंगखेड्याची यात्रा होती. एकमुखी दत्ताचं दर्शन आणि घोडेबाजार, दोन्ही आईला बघायचे होते. आई पुढच्या सीटवर. जळगाव ते अमळनेर तिने पाव किलो शेंगा फस्त केल्या आणि टरफलं, गाडी स्वच्छ राहावी म्हणून, फळीच्या फटीत सारली. अमळनेरला फळी अडली. फ्यूज उडाला. लाल होता, दहा अँपिअरचा. माझ्याकडे लाल नव्हता, हिरवा होता. हिरवा तीसचा असतो, हे मला माहीत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण माहीत होतं. तरी मनात आलं, लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे चला.

मोटर मिनिटभर कण्हली आणि वास आला. जळालेल्या मोटरीचा वास खानदेशात शेंबड्या पोरालाही ओळखता येतो. लाल फ्यूज बिचारा मोटर वाचवायला मेला होता. हिरव्याने तिला जळू दिलं आणि स्वतः ठणठणीत राहिला. आमच्या बँकेतही असे दोन-तीन हिरवे होते, पुढे रिजनल ऑफिसात गेले. असो.

फळी चार बोटं फट ठेवून अडकली. त्या चार बोटांतून आईची एक चप्पल खड्ड्यात गेली. आता चढ-उतार फक्त ड्रायव्हरच्या दारातून. ७९ वर्षांच्या बाईला स्टिअरिंग आणि सीट यांच्यामधून काढायचं म्हणजे मी खालून ओढणार, बायको वरून लोटणार आणि आई मध्येच थांबून म्हणणार, “थांब रे, हॉर्न वाजतोय.” दोंडाईचा येईपर्यंत हे तीनदा झालं.

दोंडाईच्यात शहादा रोडला एक ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान सापडलं. हवेत मिरचीचा ठसका, प्रत्येक वाक्याला शिंक. शेजारीच पंपाच्या मोटरी रिवाइंडिंग करणाऱ्याचं दुकान, आणि त्याच्या बाकड्यावर पांढरी टोपी, धोतर आणि मांडीशी सबमर्सिबल मोटर घेऊन बसलेले एक आप्पा.

“काय व्हयनं?”

“मोटर जळाली, आप्पा.”

मी हे सहज बोललो. पण ‘मोटर जळाली’ ही खानदेशात घरातलं माणूस गेल्यासारखी बातमी आहे. आप्पा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, बाकड्यावर जागा करून दिली. दुकानातल्या पोराला म्हणाले, चहा सांग. (हा पहिला चहा.)

“कितला एचपीनी? पाचनी का साडेसातनी?”

“तशी नाही हो. छोटी आहे.”

“तीननी?”

“पायरीची मोटर आहे.”

“कोठली पायरी? हिरनी?”

विहिरीला पायऱ्या असतात, हे खरंच. पण म्हणून... मी त्यांना गाडीपाशी नेलं. फळी दाखवली. म्हटलं, ही सरकते आणि पायरी झाकते.

“पायरी झाकस,” आप्पा सावकाश म्हणाले. मग म्हणाले, “कसाले?”

या ‘कसाले’वर मी बरंच बोललो. गाडी चालू असते, समोर खड्डा असतो, बसणाऱ्याला पाय ठेवायला काहीतरी हवं.

“पाय ठेवाले तर पायरी ऱ्हास ना!”

“बसल्यावर पाय ठेवायला.”

“मंग रातले काय? पायऱ्या चोरी जातस का?”

एव्हाना चारजण जमले होते. एकाने दुसऱ्याला विचारलं, काय झालं. दुसरा म्हणाला, यांच्या पायरीला ढक्कन आहे, ते उघडत नाही. ‘ढक्कन’ शब्द जन्मला तो इथे. मी तिथल्या तिथे म्हणालो, “कव्हर.” कोणी ऐकलं नाही.

“कितला एचपी पडस?” आप्पा माझी पाठ सोडेनात.

मी हिशोबाचा माणूस. सांगितलं, साधारण साठ वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे एका एचपीचा बारावा हिस्सा.

“बारावा हिस्सा,” आप्पांनी मान डोलावली. “आमना भाऊबंदकीमा बी इतलाच येस.”

सगळे हसले. मीही हसलो, नाइलाजाने. मग त्यांनी मांडीजवळच्या मोटरीवर थाप मारली आणि सांगितलं की ही यंदा तिसऱ्यांदा जळाली. लाईट येते रात्री, तीही पडेल व्होल्टेजची. कमी व्होल्टेजवर मोटर जोर काढायला जास्त करंट ओढते आणि कॉइल भाजते. कापूस गेला, आता गव्हाचं पाणी चुकतंय. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, दत्ताचा प्रसाद किती वाजता मिळतो हे सांगावं तसं सांगितलं. आणि तेवढ्यात आमच्या दुःखाची किंमत बाराव्या हिश्शाचीही राहिली नाही. मला त्यांचा राग याच्यासाठी जास्त आला. माणसाला स्वतःच्या गाडीच्या फळीसाठी हळहळायचा काही हक्क आहे की नाही? रांगेत नंबर लावून दुःख करायचं का?

दुकानातलं पोरगं वीस-बावीसचं. ते आडवं झालं, बॅटरी तोंडात धरली, एक खिट्टी काढली आणि फळी नुसत्या हाताने मागे सरकवली. खालून आईची चप्पल काढून दिली. पाऊण मिनिट. मोटरीत वर्म गिअर असतो. मोटर फळीला ढकलते, फळी मोटरीला ढकलू शकत नाही, म्हणून धक्के मारून काही होत नाही. खिट्टी काढायची असते. हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात चौथ्या पानावर लिहिलंय. ते पुस्तक मी प्लॅस्टिकच्या पिशवीत, खराब होऊ नये म्हणून, न उघडता ठेवलं होतं.

मूळ मोटर बाहेरून मागवावी लागते. पुण्याच्या एजंटाला फोन केला. त्याने किंमत सांगितली, मी फोन दुसऱ्या कानाला लावला, तर तिथेही तीच किंमत. पाच आठवडे वेगळे. पोरगं म्हणालं, “पॉवर विंडोची टाकून देऊ. काच वर-खाली करते ती फळी मागं-पुढं नाही करणार का?” मग विचारलं, “डावी का उजवी?” दारागणिक मोटर वेगळी असते म्हणे. मी अधिकाराने म्हणालो, डावी.

त्याने पत्र्याचा तुकडा वाकवून ब्रॅकेट केला, दोन भोकं पाडली, रिले तपासला, लाल फ्यूज लावला आणि माझ्याकडे न बघता हिरवा माझ्या हातात ठेवला. तोवर आप्पा पायरीवर, म्हणजे थेट त्या खड्ड्यात, ओट्यावर बसावं तसे पाठ आत करून बसले होते. हातात चहा. (हा त्यांचा दुसरा.) पोरगं म्हणालं, “दाबा, उघडा.” मी ‘उघडा’ दाबलं. तारा उलट्या लागल्या होत्या. फळी आतून निघाली आणि आप्पांच्या पाठीला येऊन टेकली. आणि ढकलू लागली. सभ्यपणे, थांबायचं नाव न घेता.

“अरे, ढक्कन माले ढकली राह्यनं!”

चहा धोतरावर. मी बटण सोडायच्या ऐवजी आणखी जोरात दाबलं, ही माझी चूक. पोराने दोन तारांची अदलाबदल केली, फळी सरळ चालू लागली. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सगळे आप्पांची पाठ बघत होते.

निघताना आप्पा म्हणाले, माझी मोटर उद्या मिळेल, मीबी येतो सारंगखेड्याला. विचारलं नाही, सांगितलं. आईला मागे बसवून स्वतः पुढे बसले. फळी सरकून आली, त्यांनी चपला काढून पाय तिच्यावर ठेवले, बोटं हलवली. तापीच्या पुलापर्यंत गप्प. मग म्हणाले, “हां.”

घोडेबाजारात लाखालाखाचे घोडे उभे होते, आणि आमच्या दाराशी गर्दी. आप्पांच्या ओळखी जबरदस्त. ते स्वतः बटण दाबत होते. ढक्कन उघडस. ढक्कन लागस. एक घोडेवाला म्हणाला, आमच्या रिकिबीला अशी बसते का बघा. “ढक्कनवाले कोण?” असं कोणी विचारलं की आप्पा हात माझ्याकडे करायचे. आई मागच्या खिडकीतून शेंगा खात बघत होती.

चौदाव्या का पंधराव्या वेळी फळी अर्ध्यात थांबली. मी डबी उघडली. लाल उडाला होता.

आप्पांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. “हिरवा नही का तुमनाकडे?”