अणू खरा कधी झाला? तिस्कावरची हुज्जत

काल फोंड्याला तिस्कावर रोस ऑम्लेटच्या गाड्यापाशी परत तोच विषय, अणू पहिला कोणी शोधला. मास्तरांचं उत्तर तयारच असतं. "कणाद! तुमचा डाल्टन कितीतरी शतकांनी आला."

"कणादाने वजन सांगितलं काय, मास्तर?" फार्मसीवाला.

"वजन नसेल, पण डोकं बघ रे. तुकडे करत राहिलो आणि ते संपलेच नाहीत, तर मोहरी आणि मेरू पर्वत सारखेच म्हणायचे, दोघांचे तुकडे अनंत. म्हणून वैशेषिकवाले, म्हणजे कणादाच्या दर्शनाचे लोक, म्हणतात, कुठेतरी थांबावं लागतं. कवडशात धुळीचा कण उडताना दिसतो ना, त्यात सहा परमाणू."

मोहरीचा मुद्दा जबरी आहे, मला तर आवडतोच, पण ते सहा कोणी मोजले?

फार्मसीवाला डाल्टनवर आला, त्या इंग्रज केमिस्टचं 1808 चं पुस्तक वगैरे. "तेवढ्याच कार्बनला एका वायूत जेवढा ऑक्सिजन लागतो, दुसऱ्यात बरोब्बर दुप्पट. पावणेदोन नाही. अख्खे तुकडे जोडले जातात म्हणूनच ना?" बीएस्सीवाला पोरगा मधेच, "ते सोडा, रुदरफोर्ड! सोन्याच्या पत्र्यावर अल्फा कण मारले आणि त्यातले काही उलटे फिरले, 1911 ला अणूच्या मधलं न्यूक्लियस."

मी म्हटलं, तुम्ही तिघेही एक गोष्ट विसरताय. डाल्टननंतर शंभर वर्षं झाली तरी मोठमोठे लोक अणू मानतच नव्हते. ओस्टवाल्ड, केमिस्ट्रीतला केवढा माणूस, तो म्हणायचा हिशेबाला सोय म्हणून ठीक आहे. फिजिक्सवाला माख तर समोरच्याला विचारायचा म्हणे, पाहिलाय का एखादा? गंमत म्हणजे 1897 ला थॉमसनने इलेक्ट्रॉन काढला, म्हणजे अणूचा तुकडा सापडला आणि अख्ख्या अणूवर भांडण चालूच!

हे मिटवलं पॅरिसच्या पेरँने. त्याने गँबोज घेतलं, पिवळा रंग करतात तो डिंक, आणि हा डिंक देणारं झाड आपल्या भिरंडीच्याच, म्हणजे कोकमाच्याच, जातकुळीतलं, गार्सिनियाच. (इथे गाडेवाल्यानेसुद्धा मान वर केली.) तर त्या डिंकाचे एकसारख्या आकाराचे बारीक कण वेगळे काढून पाण्यात सोडले आणि मायक्रोस्कोपखाली बसून मोजले, तळाशी किती, थोडं वर किती, आणखी वर किती. सगळे खाली बसायला हवेत, पण बसत नाहीत, पाण्याचे रेणू खालून वरून धक्के देत राहतात. दर 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेलं की कण साधारण निम्मे. डोंगरावर हवा विरळ होत जाते तोच नियम, फक्त तिथे किलोमीटर लागतात. आणि कणाचं वजन माहीत असल्यामुळे त्यावरून रेणूंचा आकडा निघतो, अव्होगाड्रोचा, म्हणजे एका मोलमध्ये किती रेणू तो. मग त्याने दुसऱ्या वाटांनी आलेले आकडे शेजारी ठेवले, पाण्यातल्या कणांच्या या थरथरीवरचं (ब्राउनियन हालचाल) 1905 चं आइन्स्टाइनचं गणित, रेडिओॲक्टिव्हिटी, आकाशाचा निळेपणा, एकमेकांशी काही संबंध नाही, पण सगळे 6 च्या पुढे 23 शून्यं याच्याच आसपास. खोटी गोष्ट इतक्या ठिकाणी सारखीच कशी येईल? ओस्टवाल्डने आपल्या केमिस्ट्रीच्या पुस्तकाच्या 1909 च्या आवृत्तीत लिहूनच दिलं की मानलं. पेरँला 1926 चं नोबेल.

"आणि माख?" मास्तर.

"त्याला काही ते पटलं नाही. 1916 ला गेला."

"मग तुझा पुरावा पुरला कुठे?" मास्तर खूश.

पोरगा म्हणे, 1981 ला झुरिकला आयबीएमवाल्यांनी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप केला, बारीक सुई पृष्ठभागाजवळून फिरवणारा, त्यात अणू दिसतात, माख जिवंत असता तर दाखवले असते. मी म्हटलं, तरी तो हेच म्हणाला असता, सुईतला करंट मोजून कॉम्प्युटरने काढलेलं चित्र आहे हे, यात मी बघितलं काय? यावर फार्मसीवाला आणि पोरगा एकदम माझ्यावर तुटून पडले आणि मास्तरांनी शांतपणे दुसरं ऑम्लेट सांगितलं, रोस जास्त घाल म्हणून.