‘एक तर तथ्य, नाही तर थोतांड’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हनुमान जयंतीच्या आठवड्यात सांगलीत आमच्या गल्लीच्या, नातेवाइकांच्या आणि शाळेच्या बॅचच्या अशा तिन्ही ग्रुपवर एकच मेसेज फिरला. त्याचा सारांश असा: धर्मग्रंथातली प्रत्येक ओळ शब्दशः खरी आहे. हनुमान चालिसात ‘जुग सहस्र जोजन पर भानू’ म्हटलंय. युग म्हणजे १२,०००, सहस्र म्हणजे १,०००, योजन म्हणजे ८ मैल, गुणाकार ९.६ कोटी मैल. सूर्याचं अचूक अंतर, आणि नासानंही ते मान्य केलंय. ‘शब्द धरू नका, भाव घ्या’ ही इंग्रजी शिक्षणातून आलेली पळवाट आहे. पटत नसेल तर सरळ म्हणा, की सगळं काल्पनिक आहे.

आठवीतल्या भाचीनं तो वाचून मला विचारलं, “मामा, पेपरात यातलं अंतर लिहू की पुस्तकातलं?” तिच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

आधी गुणाकार. ९.६ कोटी मैल म्हणजे जवळपास १५.४५ कोटी किलोमीटर. सूर्याचं सरासरी अंतर १४.९६ कोटी. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट असल्यानं जानेवारीत ते १४.७१ कोटींपर्यंत उतरतं आणि जुलैत १५.२१ कोटींपर्यंत चढतं. मेसेजमधला आकडा या सगळ्याच्या बाहेर पडतो. वर्षातल्या एकाही दिवशी सूर्य तेवढा लांब नसतो.

बरं, १२,००० आले कुठून? ती चतुर्युगाची, म्हणजे चार युगं मिळून होणारी, दिव्य (देवांची) वर्षं आहेत. माणसांच्या वर्षांत मोजली तर ४३,२०,००० होतात. वर्षांना योजनांनी गुणून अंतर कसं निघतं, हे मेसेज सांगत नाही. योजनही एक नाही. आर्यभट पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं देतो, सूर्यसिद्धान्त हा जुना ज्योतिषग्रंथ १,६०० देतो. पृथ्वी तीच, म्हणजे एकाचं योजन सुमारे १२ किलोमीटरचं आणि दुसऱ्याचं आठ किलोमीटरचं. हवं ते उत्तर येईपर्यंत मापं निवडायची, ही रीत हिशेबाची नव्हे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. सूर्यसिद्धान्तात सूर्यकक्षेचा परीघ ४३,३१,५०० योजनं दिलाय. त्यावरून अंतर निघतं सुमारे ६ लाख ८९ हजार योजनं. मेसेज म्हणतो १ कोटी २० लाख. ग्रहणांची गणितं मांडणाऱ्या आपल्याच ज्योतिषांचा आकडा मेसेजच्या सतरा पटींनी लहान आहे. त्यांचं अंतर चुकलं, पण त्यांनी ते मोजायचा प्रयत्न केला, रीत लिहून ठेवली, म्हणून आज आपण ती तपासू शकतो. त्यांची मेहनत बाजूला सारून स्तोत्राच्या एका ओळीला खगोलशास्त्र म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. नासा तर १९५८ सालची. १७६१ आणि १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणांवरूनच (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो ती) हे अंतर बऱ्यापैकी नेमकं काढलेलं होतं.

आणि चालिसातल्या त्याच ओळीला जोडून काय येतं? हनुमंतानं सूर्य गोड फळ समजून गिळला. पहिला अर्धा भाग तथ्य धरला तर दुसराही धरावा लागेल. आपल्या घराघरांत भीमरूपी म्हणतात. ‘आरक्त देखिले डोळां ग्रासिले सूर्यमंडळा’ म्हणताना लहान पोराच्याही डोळ्यांपुढे लाल गोळ्याकडे झेपावलेलं एक वानराचं पिल्लू उभं राहतं. समर्थांनी तिथं अंतराचा आकडा दिला नाही म्हणून त्या ओळीचं काय अडलं?

आता ‘पळवाट इंग्रजी शिक्षणातून आली’ याबद्दल. वेदाला प्रमाण मानण्यात मीमांसकांइतकं, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचं शास्त्र मांडणाऱ्यांइतकं, कडक कुणी नव्हतं. त्यांनीच वेदातल्या स्तुतिपर वाक्यांना ‘अर्थवाद’ म्हणून वेगळं काढलं आणि त्याचे तीन प्रकार केले. ‘आदित्यो यूपः’, म्हणजे यज्ञातला खांब हाच सूर्य. हे डोळ्यांना दिसतं त्याच्या विरुद्ध आहे, म्हणून तो गुणवाद: तूप चोपडलेला खांब सूर्यासारखा झळकतो, एवढंच घ्यायचं. ‘अग्नी हे थंडीवरचं औषध’ हे सगळ्यांना ठाऊकच असतं, तो अनुवाद. ‘इंद्रानं वृत्रावर वज्र उगारलं’ याला विरुद्ध पुरावा नाही आणि दुसरीकडून दुजोराही नाही, तो भूतार्थवाद. आद्य शंकराचार्य गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या भाष्यात स्पष्ट सांगतात, की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी (वेदवचनांनी) म्हटलं तरी ते प्रमाण होत नाही. यात इंग्रजी कुठं आलं? याच मीमांसेचा सात खंडांचा कोश इथंच वर, कृष्णाकाठच्या वाईतल्या प्राज्ञपाठशाळेतून निघालाय.

राहिलं ‘मग काल्पनिक म्हणा’. ऋग्वेदाच्या नदीसूक्तात गंगा, यमुना, सरस्वती, शुतुद्री ही नावं पूर्वेकडून पश्चिमेकडे क्रमानं येतात. ती खरीखुरी भौगोलिक माहिती आहे. थोतांड म्हणणाऱ्यांनी तेवढं तरी पाहावं.

माझं आजोळ वाळवा तालुक्यात, बाहे गावाजवळ. तिथं कृष्णेच्या पात्रात बेट आहे, बेटावर रामलिंग आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. आजी सांगायची, राम पूजेला बसला असताना नदीला लोंढा आला. मारुतीनं दोन्ही बाहू पसरले, पाणी दोन अंगांनी फुटलं, म्हणून गाव बाहे. नदी तिथं खरोखर दोन अंगांनी वाहते. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढत होतं, तेव्हा सांगलीत आम्ही माडीवर बसून दर तासाला एकच विचारत होतो: आयर्विन पुलाला किती फूट? धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, हे बघूनच सामान हलवलं. आई त्याच माडीवर, मेणबत्तीच्या उजेडात भीमरूपी म्हणत होती, आणि मध्येच थांबून फुटांचा आकडा तीच विचारत होती. पाणी उतरल्यावर बाह्याच्या मारुतीनं आम्हाला फसवलं, असं आमच्यात कुणी म्हटलं नाही. कारण पातळी सांगायचं काम त्याच्याकडे कुणी दिलंच नव्हतं. पण त्या चार रात्री आईचा आवाज नसता तर आम्ही कशा काढल्या असत्या, मला सांगता येत नाही. याला मेसेजमधला कुठला रकाना, तथ्य की थोतांड?

भाचीला मी सांगितलं, पेपरात सरासरी १४.९६ कोटी किलोमीटर लिही. ज्यांनी मेसेज पुढं पाठवलाय, त्यांनी निदान ही दुरुस्ती त्याच ग्रुपवर टाकावी. मुलांच्या परीक्षा आहेत.