ब्रिसलनोजची पिल्लं शेवाळावर जगत नाहीत

"ब्रिसलनोजने अंडी दिली? काहीच करू नका. पिल्लं टाकीतलं शेवाळ खाऊन मोठी होतात, काकडीची चकती टाकली की झालं. लाकूड असेल तर तीही नको. नर अंडी खातो, त्याला काढा. आणि पाणी बदलू नका, पिल्लं मरतात." ब्रिसलनोज या काच-लाकडावरचं शेवाळ खरवडणाऱ्या छोट्या माशाबद्दल मुंबईत मासे पाळणाऱ्यांमध्ये हा मेसेज फिरतोय. त्याप्रमाणे वागलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं कमी होत जातात आणि खापर फुटतं 'नाजूक जाती'वर.

(कुर्ल्याच्या बाजारात नुसता 'सकर' म्हणून मिळणारा मासा बहुतेक वेळा वेगळा असतो. तो फूटभराच्या वर वाढतो आणि घरच्या टाकीत अंडी देत नाही. इथे विषय नराच्या तोंडावर मिशांसारखे कोंब येणाऱ्या ब्रिसलनोजचा.)

शेवाळ पुरतं? दोन फुटी टाकीच्या काचेवरचा तपकिरी थर चाळीस-पन्नास तोंडं काही दिवसांत चाटूनपुसून साफ करतात. काळ्या केसाळ शेवाळाला तर ती तोंडही लावत नाहीत.

खाणं कधी सुरू करायचं, यातच बहुतेकांची गफलत होते. 27 अंशांच्या आसपास अंडी 4-5 दिवसांत फुटतात. पुढे साधारण तितकेच दिवस पोटाला लागलेली बलकाची पिशवी पुरते. तोवर काही टाकू नका, ते फक्त सडेल. पिशवी मावळून पिल्लं काचेला चिकटू लागली, की त्याच दिवशी खायला द्या.

काकडीत सुमारे 95 टक्के पाणी. पोट फुगतं, अंग धरत नाही. त्यापेक्षा दुधी बरा, पण आधी चाखून बघा, कडू निघाला तर फेका. साल काढून अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या उकळत्या पाण्यात 2 मिनिटं ठेवा आणि गार करून स्टीलच्या काट्यात खोचून तळाशी सोडा. रात्री टाकलेली भाजी सकाळी काढायचीच.

भाजी मात्र जोडीला. मुख्य खाणं स्पिरुलिनाचे (एका सूक्ष्म शेवाळाच्या पुडीचे) माशांसाठीचे वेफर, नाहीतर घरचं जेल: कपभर पाण्यात 1 चमचा चायना ग्रासची पूड 2-3 मिनिटं उकळा. कोमट झाल्यावर, पण गोठण्याआधी, 2 चमचे स्पिरुलिना पूड, मूठभर उकडून सोललेले मटार वाटून, आणि 1 चमचा सुक्या जवळ्याची पूड मिसळा. जवळा खारवलेला असेल तर आधी धुऊन वाळवा. थाळीत पातळ थर लावून फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळ-संध्याकाळ नखाएवढा तुकडा पुरे, संपला तर वाढवा. काचेला चिकटलेल्या पिल्लाचं पोट बाहेरून स्पष्ट दिसतं: गोल असेल तर ठीक, आत गेलेलं असेल तर ते उपाशी आहे.

लाकूड ठेवा जरूर, पण पिल्लं खरवडतात ती त्यावरची बुळबुळीत साय. नुसत्या लाकडावर ती तगत नाहीत.

नराला काढणं हा तर उफराटा सल्ला. पंखांनी पाणी हलवून अंड्यांना बुरशीपासून वाचवणारा तोच. पहिलटकर नर कधी अंडी ज्या गुहेत दिलेली असतात तिच्याबाहेर ढकलतो. तेवढ्यापुरती ती जाळीच्या डब्यात, एअर स्टोनजवळ (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाजवळ) ठेवा.

पाणी न बदलणं सर्वांत महागात पडतं. मुंबईला तलावांचं मऊ पाणी येतं, त्यात आम्लता झेलणारे क्षार कमी. गर्दीच्या टाकीत पीएच घसरतो, म्हणजे पाणी आम्लधर्मी होत जातं, अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणू मंदावतात आणि विषारी अमोनिया साठतो. म्हणून रोज किंवा दिवसाआड 20 टक्के पाणी बदला, तेही अँटीक्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) घातलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं. सोसायटीत टँकर आला असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) तपासा. टाकीच्या पाण्याशी फरक मोठा निघाला तर एका वेळी 5-10 टक्केच बदला. मे महिन्यात पाणी 31-32 अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, तेव्हा एअर पंप बंद करू नका. फिल्टर स्पंजचाच हवा. पॉवर फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला स्पंज बांधा, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात.