कमावत्या ब्लॉगची मांडामांड

पैसे मिळवून देणारा ब्लॉग सुरू करणे हे जगातील सर्वांत सोपे काम आहे असे सांगणारी माणसे हल्ली इतकी झाली आहेत, की त्यांतील निम्म्यांनी जरी खरोखर ब्लॉग लिहिले असते तरी वाचायला कोणी उरले नसते. सुदैवाने ही माणसे ब्लॉग लिहीत नाहीत. तो कसा लिहावा हे शिकवतात. फोंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाच्या हाती निवृत्तिवेतन आणि रिकामी दुपार या दोन गोष्टी एकदमच येतात, आणि गोव्यातील दुपार किती लांब असते हे एक ते चार बंद असलेल्या येथील दुकानांपुढे ज्याने ताटकळून पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत संगणकाचे काम करणारा माझा भाचा एकदा म्हणाला, "मामा, तुमच्याकडे एवढी माहिती आहे, ती फुकट का वाटता?" माझी माहिती आजवर फुकटसुद्धा कोणी घेत नसे, ही वस्तुस्थिती त्याच्या कानांवर आलेली नसावी.

ब्लॉग कोठे थाटावा येथपासूनच मतभेद सुरू झाले. 1999 साली निघालेले आणि 2003 साली गूगलने विकत घेतलेले ब्लॉगर मला पुरेसे वाटत होते, कारण ते फुकट होते आणि मला समजले होते. भाच्याचा कौल मात्र त्याच 2003 साली जन्मलेल्या वर्डप्रेसला होता. वर्डप्रेस दोन आहेत हे मला मागाहून कळले. ज्याच्या नावापुढे ऑर्ग आहे ते पूर्णपणे फुकट असल्यामुळे त्यासाठी होस्टिंगचे, म्हणजे ब्लॉग ज्या संगणकावर ठेवायचा तेथील जागेचे, पैसे मोजावे लागतात, आणि ज्याच्या नावापुढे कॉम आहे ती पैसे घेणारी सेवा असल्यामुळे तेथे फुकट सुरुवात करता येते. मात्र या दुसऱ्या प्रकारात फुकट राहायचे झाल्यास पत्त्यात आपल्या नावामागे त्यांचे नाव चिकटलेले राहते. हे वाक्य मी भाच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतले, वहीत उतरवले, आणि ते बरोबर आहे अशी खात्री पटल्यावर अधिकच गोंधळलो. शेवटी जेथे पैसे भरावे लागतात त्या फुकट प्रकाराची निवड झाली.

मग नावाचा प्रश्न आला. गोवा, गोमंतक आणि त्यांच्यापासून तयार होणारे सर्व सामासिक शब्द केव्हाच गेले होते. फोंडा परिसराचे अंत्रुज महाल हे जुने नाव शिल्लक होते आणि मला ते फार आवडले, पण येथे पोर्तुगीज आडवे आले. 1961 साली राज्य सोडून गेलेले पोर्तुगीज आमच्या गावांची रोमन स्पेलिंगे मात्र येथेच ठेवून गेले आहेत. ज्या गावाला आम्ही डिचोली म्हणतो ते पाटीवर बिचोलिम होते आणि पेडण्याचे पर्नेम होते. त्यामुळे अंत्रुजच्या शेवटी 'झेड' घ्यावा की 'जे', यावर घरात तट पडले. पारंपरिक स्पेलिंग 'झेड'चे आहे असे मी म्हणालो. "तुमचे वाचक परंपरा बघून टंकणार आहेत का?" असे पत्नीने विचारले. अखेर 'झेड' जिंकला, आणि नावाचे पहिल्या वर्षाचे शुल्क इतके कमी निघाले की मी ते उत्साहाने भरून टाकले. दुसऱ्या वर्षापासूनचे शुल्क त्याच पानावर खाली लिहिलेले असते, परंतु ते वाचण्यासाठी लागणारा चष्मा चाळिशीचा नसून जवाहिऱ्याचा असावा लागतो.

वर्डप्रेस बसवताच त्यात 'हॅलो वर्ल्ड' नावाचा एक नमुना लेख आपोआप येतो आणि त्या लेखाखाली एक नमुना प्रतिक्रियाही येते. मी एक अक्षरही लिहिलेले नसताना आलेली ती प्रतिक्रिया मी भाच्याच्या सांगण्यावरून पुसून टाकली. पुढे कित्येक महिने तिची उणीव भासत राहिली.

पण माझा खरा काळ गेला तो रचनेत. नवशिक्याने आधी ब्लॉगची घडी नीट बसवावी, विषयांचे वर्ग पाडावेत आणि प्रत्येक लेख आपल्या वर्गात ठेवावा, म्हणजे वाचकाला हवे ते चटकन सापडते, असे सर्व शिकवणारे एकमुखाने सांगतात. उभी हयात वर्ग सांभाळण्यात घालवलेल्या माणसाला याहून सुखाचे काम कोणते असणार? मी एक मोठा कागद घेऊन इतिहास, देवस्थाने, खाद्य, सण, निसर्ग आणि नाट्य असे मुख्य वर्ग पाडले, त्यांचे पोटवर्ग केले, आणि तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे मंदिर कदंबकाळातील म्हणून इतिहासात घालावे, तेथे पूजा होते म्हणून देवस्थानांत घालावे, की ते रानात आहे म्हणून निसर्गात घालावे, या विचारात एक अख्खी चवथ निघून गेली. अळम्यांनी तर कहर केला. आमच्याकडे ऐन पावसाळ्यात रोयणीवर, म्हणजे वारुळांवर, जी अळमी उगवतात, त्यांचे दर ऐकून माणसाचा श्वास अडकतो आणि चव आठवून तो पुन्हा सुरू होतो. शास्त्राप्रमाणे अळमी ही वनस्पती नव्हे, प्राणीही नव्हे. ती बुरशी आहे. तिला निसर्गात घालावे तर खाद्यप्रेमी वाचकाला ती सापडणार नाही, आणि खाद्यात घालावे तर वारुळात वाळवीने जोपासलेली बुरशी आपण खात आहोत हे वाचून त्याच वाचकाची भूक मरणार. हा पेच मी रात्री जेवताना पत्नीपुढे मांडला.

"अहो, आधी ती बाजारातून आणा तरी," ती म्हणाली, "मग ताटात कोठे घालायची ते मी बघते."

वर्ग झाल्यावर टॅग, म्हणजे लेखाला चिकटवायच्या विषयांच्या चिठ्ठ्या, आले, टॅगांनंतर मेन्यू आला, आणि मेन्यूनंतर थीम आली. थीम म्हणजे ब्लॉगचे रंगरूप, आणि ही रूपे हजारोंनी उपलब्ध असल्यामुळे एक निवडले की उरलेली सर्व अधिक सुंदर दिसू लागतात. प्रत्येक थीमच्या नमुन्यात डोंगरमाथ्यावर हात पसरून उभी असलेली एक तरुणी असते. तिच्या जागी मी माझे छायाचित्र बसवले की ती थीम उतरवावीशी वाटे. या सर्व खटाटोपाअंती वर्ग, पोटवर्ग, टॅग, मेन्यू, तळटीप आणि लेखकपरिचय अशी जय्यत सिद्धता झाली, आणि लेख मात्र एकही नव्हता. जत्रेतल्या नाटकाचा मांडव घातला, पडदे टांगले, रंगभूषाकार येऊन बसला आणि कोणते नाटक करायचे ते अजून ठरलेले नाही, अशी ती अवस्था होती. गोव्यातील गावांत हौशी मराठी नाटक प्रत्यक्षात इतक्या उशिरा ठरत नाही, हे येथील रंगकर्मींच्या सन्मानार्थ नमूद करतो.

पहिला लेख मी माटोळीवर लिहिला. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानातील फळे, फुले आणि पाने बांधून जी माटोळी सजवतात, तिच्यातील एकेका फळाचे वर्णन मी जीव ओतून केले होते. भाच्याने शोधयंत्रांची मर्जी राखण्यासाठी एक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवला होता, जो लेखाच्या कडेला लाल, नारिंगी किंवा हिरवा दिवा लावतो. माझ्या लेखाला लाल दिवा लागला. वाक्ये वीस शब्दांहून लांब आहेत, ही पहिली तक्रार होती. माझ्या वाक्याला विसाव्या शब्दापर्यंत कर्तासुद्धा सापडलेला नसतो, हे त्या यंत्राला कोण सांगणार? मुख्य शब्द पुरेशा वेळा आलेला नाही, ही दुसरी तक्रार होती. द्विरुक्ती टाळा, असे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्यांत लाल शाईने लिहिणाऱ्या माझ्या नशिबी द्विरुक्ती कमी पडल्याबद्दल लाल शेरा यावा, यात काही दैवी न्याय असेल. मी संतापाने लिहिले, "माटोळी म्हणजे काय? माटोळी गोव्यात असते. माटोळी सुंदर असते. माटोळी पाहा." दिवा तत्काळ हिरवा झाला. हा उतारा एखाद्या विद्यार्थ्याने लिहिला असता तर मी त्याच्या पालकांना शाळेत बोलावले असते.

लेख प्रसिद्ध करून मी त्याचा दुवा वाड्यावरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, आणि आणखी एक प्रकरण उद्भवले. संगणक देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवतो आणि पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटासाठी एक टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे आणखी दोन चिन्हे लिहितो. 'गोवा' या दोन अक्षरी शब्दात काना आणि मात्रा धरून चार चिन्हे होतात, तेव्हा त्याची पत्त्यात 36 चिन्हे होतात. माझ्या लेखाचे शीर्षक, सवयीप्रमाणे, ऐसपैस होते. वर्डप्रेस पत्त्यातील शीर्षकाला 200 चिन्हांपुढे जाऊ देत नाही, म्हणून ते मध्येच तुटले. जे उरले ते टक्के आणि आकडे यांची एक दिंडी होऊन गटावर अवतरले. "मास्तर, तुमचा मोबाईल कोणीतरी हॅक केला आहे, बँकेला लगेच कळवा," असा निरोप मला शेजारच्या तीन घरांतून आला. लेख कोणी उघडला नाही, कारण असला दुवा उघडू नये, असे वर्तमानपत्रांतून वारंवार सांगितले जाते आणि आमचा वाडा वर्तमानपत्र मनापासून वाचतो.

आता कमाई. जाहिराती पुरवणाऱ्या एका बड्या कंपनीकडे अर्ज करायचा होता, आणि त्यासाठी 'आमच्याविषयी', 'संपर्क' आणि 'गोपनीयता धोरण' ही पाने असणे इष्ट होते. गोपनीयता धोरणात मी वाचकांच्या माहितीचे काय करतो ते लिहायचे असते. मला वाचकच नव्हते. तरीही त्यांच्या माहितीची मी घेतलेली काळजी वाचून मी स्वतः गहिवरलो. कंपनीच्या मान्य भाषांच्या यादीत मराठी होती, कोकणी नव्हती. 1987 च्या राजभाषा कायद्यावरून माझ्याशी आजही तावातावाने वाद घालणाऱ्या एका कोकणीप्रेमी मित्राला मी हे मुद्दाम सांगायला गेलो. त्याने शांतपणे विचारले, "आणि मराठीला किती पैसे देतात?" त्यानंतर आम्ही चहा घेतला.

मजकुराचे मूल्य कमी असल्याचे कळवणारे नकार येत राहिले आणि भाचा माझा मजकूर सुधारत राहिला. त्याचे म्हणणे असे की विमा आणि कर्ज या विषयांवर जाहिरातदार अधिक बोली लावतात, देवळांवर नाही. मी त्या वेळी नार्व्याच्या सप्तकोटेश्वरावर लिहीत होतो. ज्या देवळाचा शिवाजी महाराजांनी 1668 साली जीर्णोद्धार केला, त्याच्यावरील लेखात भाच्याला दुचाकीचा विमा हवा होता. "मामा, दिवाडीहून नार्व्याला जाताना स्कूटर फेरीबोटीत चढवावी लागते ना? तेथेच एक परिच्छेद घाला," तो म्हणाला. मी साफ नकार दिला. मात्र स्कूटर फेरीबोटीत चढवताना हातून सुटली तर काय, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही, आणि माझ्या स्कूटरचा विमा मी वेळेत नूतन करू लागलो आहे.

अखेर मंजुरी आली आणि जाहिराती झळकू लागल्या. कोणाला कोणती जाहिरात दिसावी हे बहुतेक वेळा त्या माणसाने पूर्वी काय पाहिले यावर ठरते. त्यामुळे सप्तकोटेश्वराच्या लेखाशेजारी भाच्याला मोटारसायकली दिसत, पत्नीला मिक्सर दिसे, आणि मला स्वतःला 'ब्लॉग लिहून घरबसल्या कमवा' या वर्गाची जाहिरात दिसे. माझ्याच ब्लॉगवर, माझ्याच छायाचित्राखाली, मी काय करायला हवे होते हे सांगणारा एक हसतमुख तरुण बोट दाखवत उभा असे.

यानंतर जे घडले ते आमच्या वाड्याच्या प्रेमळ स्वभावामुळे. जाहिरातीवर कोणी टिचकी मारली की मास्तरांना पैसे मिळतात ही बातमी पसरली, आणि देवळाच्या सभामंडपात एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "मास्तर, काळजी करू नका. मी रोज रात्री जेवण झाल्यावर दाबतो. घरच्या सगळ्यांनाही सांगून ठेवले आहे." माझ्या पायांखालची जमीन सरकली. स्वतः टिचकी मारणे किंवा ओळखीच्या माणसांकडून ती मारवून घेणे हा कंपनीच्या नियमांनुसार गुन्हा असून त्यासाठी खाते कायमचे बंद होऊ शकते. मी त्यांना हात जोडून विनवले. "आम्ही दाबलेले चालत नाही, आणि परक्याने दाबलेले चालते?" त्यांनी दुखावल्या स्वरात विचारले. हा नियम मानवी नात्यांना काळिमा फासणारा आहे, याविषयी आमचे एकमत झाले; तरी त्यांची नाराजी पुढच्या जत्रेपर्यंत टिकली.

मिळकत सेंटांत जमा होत असे. दहा डॉलर जमल्यावर पत्ता पडताळण्यासाठी टपालाने पिन येतो आणि शंभर डॉलर जमल्याखेरीज पैसे हाती येत नाहीत. मी त्यासाठी जमाखर्चाचा एक सुबक तक्ता करून ठेवला होता, पत्त्याच्या रकान्यात रस्त्याचे नाव म्हणून देवळाची मागची वाट लिहिली होती, आणि डॉलर स्वीकारायचे असल्यास बँकेच्या शाखेकडून कोणता स्विफ्ट कोड घ्यावा याचीही चौकशी केली होती. शाखेतल्या बाईंनी किती डॉलर येणार आहेत असे विचारले. मी त्यांना आकडा सांगितल्यावर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी आणवले.

पत्नीला दिसणारा तो मिक्सर मात्र तिच्या मनात भरला होता. "त्याची किंमत बघायची आहे. दाबू का?" असे तिने मला विचारले, आणि घरातून टिचकी मारण्यास सक्त मनाई आहे, असे मी वर्गातल्या आवाजात सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसने फोंड्याला गेली, दुकान दुपारचे बंद होण्याआधी तोच मिक्सर रोख पैसे देऊन घेऊन आली, आणि पावती माझ्या तक्त्यातल्या खर्चाच्या बाजूला उतरवण्यासाठी म्हणून माझ्या टेबलावर ठेवली.