रील बघा, रीळ खोला

चार दिवसांपूर्वी एक स्पिनिंग रीळ, म्हणजे मासे धरायच्या गळाचं तंगूस (नायलॉनची दोरी) गुंडाळायचं यंत्र, दुरुस्तीच्या टेबलावर आलं. आलं म्हणजे कॅरीबॅगमध्ये, सुटं. बॉडी एकीकडं, रोटर (तंगूस गुंडाळणारा फिरता भाग) एकीकडं, मूठभर स्क्रू आणि तळाशी चार भुईमुगाच्या शेंगा. सोबत निरोप: "काहीच केलं नाही, नुसतं उघडून पाहिलं." काहीच न करता एवढं साधणारी विद्या चार लोकांपुरती राहू नये, पैठणच्या नाथसागरापासून नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत गळ टाकून काठावर बसणाऱ्या प्रत्येकाला मिळावी, म्हणून हा सल्ला.

सुरुवात मोबाइलपासून करा. चाळीस सेकंदांची एक रील बघा आणि हातातलं रीळ खोला. रीलमधलं रीळ वेगळ्या बनावटीचं आहे, असल्या शंका काढू नका. सगळी रिळं आतून सारखीच, जशी सगळ्यांची शेतं सारखीच.

बसायला बाज बरी. वर गोधडी हवीच. गोधडीच्या टाक्यांत दोन मिलिमीटरचा स्क्रू असा मुरतो की पुढच्या धुण्यालाच भेटतो. पंखा पाचवर ठेवा, म्हणजे पातळ वॉशर आपले आपणच उडतील. पांढरं कापड अंथरा, निघेल तो भाग डावीकडून उजवीकडं ओळीनं मांडा, दर टप्प्याला एक फोटो काढा, हे सगळं भित्र्यांचं काम. फोटो काढायला मोबाइल रिकामा कुठाय, त्यावर रील चालू आहे.

हँडल निघत नसेल तर पक्कड लावा आणि जोर करा. पेचाचं हँडल मासा ओढायच्या दिशेनं घट्ट होतं आणि उलट दिशेनं सुटतं, म्हणून डाव्या बाजूला त्याचे आटे उलटे असतात, हे कळून करायचं काय? आटे गेले की हँडल सुटतंच.

रीळ धुवायचं असेल तर मोटारसायकलसोबत सर्व्हिसिंगला न्या. प्रेशरच्या पाण्यानं गोदावरीचा गाळ बाहेरून निघतो आणि सील ओलांडून थेट बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. गाळ कुठंतरी बसलाच पाहिजे. ड्रॅगची, म्हणजे मासा ओढायला लागला की तंगूस किती जोरावर सुटावं ते ठरवणाऱ्या ब्रेकची, नॉब घट्ट करून, नळाची बारीक धार वरून सोडून, कापडानं टिपून सावलीत वाळवायचं, एवढा वेळ आहे कुणाला?

ड्रॅग वर्षभर गच्च आवळून ठेवा. आतले फेल्टचे वॉशर भाकरीसारखे चपटे होतात आणि मासा लागला की ड्रॅग सलग सुटत नाही, झटके देत सुटतो. सहा किलोच्या तंगुसाला दीड ते दोन किलोचा ड्रॅग पुरतो, तंगुसाच्या ताकदीचा चौथा ते तिसरा हिस्सा. स्प्रिंगकाटा लावून मोजता येतो. पण मोजतंय कोण, तंगूस तुटलं की समजतंच.

तंगूस स्पूलच्या, म्हणजे ते ज्यावर गुंडाळतात त्या फिरकीच्या, कडेपर्यंत काठोकाठ भरा. दोन मिलिमीटर जागा सोडली तर वेटोळी कशी सांडणार?

तीन वर्षं उन्हात राहिलेलं तंगूस अजून दोन वर्षं चालवा.

आता स्प्रे. डब्ल्यूडी-४० प्रत्येक घरात असतो, तो सगळीकडं मारा. नावातला डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारा; चाळिसाव्या प्रयोगात जमला म्हणून ४०, साल १९५३. गंजलेला नट सोडवायला त्याच्यासारखा दुसरा नाही. पण तो पातळ असतो, गिअरवरचं ग्रीस धुऊन काढतो आणि स्वतः लवकर उडून जातो. मग गिअर कोरडा आणि मालक खूश, कारण दोन दिवस रीळ एकदम मऊ फिरतं.

तिसऱ्या दिवशी ते वाजायला लागलं की ग्रीस भरायचं. इथं मोंढ्याचा रस्ता धरा. ट्रॅक्टरच्या चेसिसचं ग्रीस किलोवर मिळतं, स्वस्त पडतं. बोटानं भरा, कोपरापर्यंत भरा, बॉडी बंद करताना फटीतून बाहेर आलं पाहिजे. गिअरच्या दातांवर ब्रशनं पातळ थर द्यायचा, सगळं मिळून तुरीच्या दाण्याएवढं ग्रीस, असं म्हणणारे कंजूष. बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब, शिवणयंत्राचं असलं तरी चालेल, असं म्हणणारे तर महाकंजूष. आणि ग्रीस उरलं की ते वन-वे क्लचमध्ये कोंबा.

हा क्लच म्हणजे रोटरखालचं ते गोल डबीसारखं बेअरिंग. त्यात बारीक रोळ, म्हणजे लहान दंडगोल, असतात, बहुतेक सहा ते आठ, प्रत्येकामागं केसासारखी स्प्रिंग, आणि बसायच्या खाचा एका बाजूला अरुंद. हँडल पुढं फिरवलं की रोळ रुंद बाजूला सरकतात आणि मोकळे फिरतात. मागं फिरवलं की अरुंद बाजूला जाऊन मधल्या नळीवर पाचरीसारखे अडकतात, रोटर जागच्या जागी थांबतो. हे सगळं त्या केसाएवढ्या स्प्रिंगच्या जोरावर चालतं. तिथं चेसिस ग्रीस भरलं की रोळ चिखलातल्या बैलासारखे रुततात. स्प्रिंग ढकलते, रोळ हलत नाही, हँडल उलटं फिरतं. पाच किलोचा कटला ओढत असताना उलट फिरलेलं हँडल बोटांच्या सांध्यावर बसतं, तो आवाज काठावर सगळ्यांना ऐकू जातो. पौषातल्या सकाळी तर हमखास, कारण थंडीत ग्रीस आणखी घट्ट होतं. दुपारी ऊन लागलं की तेच रीळ शहाण्यासारखं वागतं आणि मालक म्हणतो, सकाळी बहुतेक माझीच चूक झाली. नाही हो, चूक मोंढ्यातून आणलेली आहे, किलोवर!

मग ते ग्रीस काढायला हीच मंडळी पेट्रोल ओततात. पेट्रोलनं क्लचचा प्लास्टिकचा पिंजरा खराब होतो, रबराच्या रिंगा फुगतात. अर्ध्या पावलावर मोबाइल दुरुस्तीवाला बसलेला असतो, त्याच्याकडं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, असतं. क्लच न खोलता अख्खाच्या अख्खा त्यात बुडवून हलवायचा, वाळू द्यायचा, मधली नळी कोरडी पुसायची आणि पातळ तेलाचं बोट फिरवल्यासारखं करायचं. झालं! दहा मिनिटांचं काम. पण काहून करायचं? टेबलावर आणून टाकलं की होतंय.

आणि तो वॉशर. मेन गिअरच्या दांड्यावर कागदाएवढा पातळ वॉशर असतो, कधी एक, कधी दोन. शिम म्हणतात त्याला. खोलताना तो बेअरिंगला चिकटून येतो, ग्रीसमध्ये दिसत नाही, कपड्याला लागतो आणि जातो. हात दाखवून अवलक्षण ते हेच. "एवढासा तर होता, काय फरक पडतो?" फरक असा पडतो की गिअर तेवढाच सरकतो, पिनियनशी, म्हणजे जोडीच्या लहान गिअरशी, त्याचे दात पूर्ण भिडत नाहीत, टोकाटोकावर घासतात. पिनियन बहुतेक पितळेचं, मेन गिअर बहुतेक जस्ताच्या ओतकामाचा, म्हणजे मऊ. आठ दिवसांत ग्रीस काळं-करडं होतं. तो रंग घाणीचा नाही, तुमच्या गिअरचे दात आहेत ते, पीठ होऊन मिसळलेले. मग नवा गिअर शोधा. मिळत नाही, मिळाला तर त्या किमतीत आणखी थोडे घातले की अख्खं रीळ येतं.

अरे, रीळ म्हणजे बोअरची मोटर नाही, ट्रॅक्टरचा ॲक्सल नाही. दोनशे-तीनशे ग्रॅमचं यंत्र आहे ते. त्याला जास्त ग्रीस नको असतं, जास्त जोर नको असतो, सारखं सारखं खोलणं तर मुळीच नको असतं. हंगामाला एकदा उघडलं तरी बास. लाइन रोलर, म्हणजे तंगूस ज्यावरून स्पूलवर जातं ते छोटं चाक, बोटानं फिरतो का ते बघा, अडकला असेल तर तेलाचा थेंब द्या, नाहीतर तंगूस त्याच्यावर खाच पाडतं आणि मग ती खाच तंगूस कापते. बेल, म्हणजे तंगूस स्पूलकडं वळवणारी तारेची कमान, हातानं बंद करा, हँडल फिरवून आपटू नका. घरी गेल्यावर ड्रॅग सैल करा. याच्यापुढं हात लावायचा असेल तर आधी फोटो काढा. आणि हात लावलाच असेल तर तसं सांगा ना! राग त्याचाच येतो. "नुसतं उघडून पाहिलं" म्हणायचं, आणि आत चेसिस ग्रीस, वॉशर गायब, दोन स्क्रू तिसऱ्याच रिळाचे. काय केलं, कुठं अडकलं, काय हरवलं, एवढं सांगितलं तर अर्धं काम तिथंच होतं. खोटं सांगितलं की तासभर त्या खोट्याचाच शोध घ्यावा लागतो, आणि पुन्हा विचारणार, "एवढे पैसे कशाचे?"

त्या कॅरीबॅगवाल्या रिळाची बेलची स्प्रिंगही आलेली नाही. बेलचा स्क्रू काढला की ती उडतेच, अंगठा दाबून ठेवला नसेल तर दहा फूट जाते. रात्री दिवे बंद करून टॉर्च फरशीला आडवी लावून बघा, बारीक तार असली तरी सावली लांब पडते. बाजेखाली नसेल तर गोधडी झटका. सापडली की शेंगांसोबत नाही, काड्यापेटीत घालून आणा.