कुत्र्याला खाली पाडून 'मालक कोण' ते दाखवू नका: ग्रुपवर फिरणाऱ्या त्या सात नियमांना उत्तर

ताईने नऊ दिवसांपूर्वी लर्चर, म्हणजे ग्रेहाउंडसारख्या शिकारी कुत्र्याचा क्रॉस, दत्तक घेतला. तीनेक वर्षांचा, करडा, शेल्टरमध्ये पाच महिने काढलेला, त्याआधी कुणीतरी सशांमागे पळवायला ठेवून मग सोडून दिला असावा असा शेल्टरवाल्यांचा अंदाज. गुरुवारी काकांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, 'दत्तक कुत्रा: पहिल्या ७ दिवसांत मालक कोण ते दाखवा', आणि भावोजींनी अगदी चांगल्या मनाने त्यातला तिसरा नियम करून बघितला. पट्टा काढायला हात नेला तेव्हा कुत्रा गुरगुरला, म्हणून त्याला कुशीवर पाडलं, मान फरशीला दाबून धरली आणि तो शांत होईपर्यंत थांबले. तो शांत झाला. त्याने तिथेच शू केली. नंतर सोफ्यामागे जाऊन बसला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही, खाल्लं नाही, आणि रात्री ताईचा रडत फोन.

म्हणून हे लिहितेय. तोच मेसेज मला आणखी दोन ग्रुपवर आलाय, खाली लोकांचे अंगठे आणि 'खूप उपयुक्त माहिती'.

मेसेजमधले नियम थोडक्यात असे. एक, कुत्रा म्हणजे लांडगा, कळपात एकच अल्फा म्हणजे म्होरक्या असतो, तो तुम्ही व्हा. दोन, आधी तुम्ही जेवा, आणि तो खात असताना त्याच्या भांड्यात हात घाला. तीन, गुरगुरला की खाली पाडून दाबून धरा. चार, सोफ्यावर चढला की ढकलून खाली काढा. पाच, दारातून आधी तुम्ही. सहा, पहिल्याच आठवड्यात बाजार, पार्क, पाहुणे सगळीकडे न्या म्हणजे भीती मोडते. सात, मोकळा सोडून बघा, मागे आला तर त्याने तुम्हाला मानलं.

तिसऱ्यापासूनच सुरू करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

दाबून धरलेला कुत्रा हलायचा थांबतो, त्याला मेसेजवाला 'शरण आला' म्हणतो. तो शरण वगैरे आलेला नसतो, तो गोठलेला असतो. पळता येत नाही, चावायची हिंमत नाही, मग उरतं काय? अंग ताठ, कान मागे चिकटलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, शेपटी पोटाशी गेलेली, जीभ सारखी ओठांवर फिरतेय. ही भीती आहे आणि ती तो तुमच्या हातांशी जोडतो, गुरगुरण्याशी नाही. उद्या त्याच हातांनी पट्टा घालायचाय, पायातला काटा काढायचाय, डॉक्टरकडे उचलून न्यायचंय.

आणि गुरगुरणं म्हणजे उद्धटपणा हे कुणी ठरवलं? 'मला भीती वाटतेय, थांबा' हे सांगायला त्याच्याकडे असलेली ती सगळ्यात सभ्य पद्धत आहे. ती मारून काढलीत की भीती जात नाही, फक्त सूचना जाते, आणि मग लोक म्हणतात काही कारण नसताना अचानक चावला.

हे माझं एकटीचं मत नाही. २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक सर्व्हे छापला. तिथल्या प्राणिरुग्णालयात वागण्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं की तुम्ही काय काय करून बघितलंत आणि तेव्हा कुत्रा कसा वागला. १४० मालकांची उत्तरं होती. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली त्यांच्यातल्या ४३ टक्के लोकांना कुत्र्याने उलट आक्रमक प्रतिसाद दिला. तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढली, ३९ टक्के. खाली पाडून दाबलं, म्हणजे भावोजींनी केलं तेच, ३१ टक्के. नुसतं रोखून बघितलं तरी ३० टक्के. खाऊ देऊन शिकवणाऱ्यांमध्ये हे प्रमाण नगण्य होतं. आता कुणी म्हणेल हे आधीच बिघडलेले कुत्रे होते, आणि ते खरं आहे, त्यामुळे हे आकडे जगातल्या प्रत्येक कुत्र्याला लावता येणार नाहीत. पण मेसेज हा उपाय सांगतोय तो गुरगुरणाऱ्या कुत्र्यासाठीच ना? मग हेच कुत्रे झाले की ते.

त्यात हा लर्चर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लर्चर ही ब्रीड नाही, क्रॉस आहे, इंग्लंड-आयर्लंडमधला. एका बाजूने ग्रेहाउंड, व्हिपेट किंवा सालुकी, म्हणजे नजरेने शिकार करणारे, दुसऱ्या बाजूने बहुतेक वेळा टेरियर किंवा कोली. आपल्याकडचा कारवानी शिकारी कुत्रा बघितला असेल तर अंगकाठी डोळ्यासमोर येईल. कातडी पातळ, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच, हाडं वर आलेली. अशा कुत्र्याला कडक फरशीवर दाबणं म्हणजे भीतीबरोबर दुखवणंही आलंच.

आता पहिला नियम, ज्याच्यावर बाकी सगळे उभे आहेत. ही अल्फाची गोष्ट आली कुठून, तर प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला आणि तो १९४७ मध्ये छापला. एकमेकांशी नातं नसलेले प्राणी एका कुंपणात ठेवले की भांडणार नाहीत तर काय करतील. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना जगभर नेली. आणि त्याच मेक यांनी पुढे कॅनडातल्या एल्समिअर बेटावर १९८६ पासून अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांबरोबर काढले, आणि १९९९ मध्ये स्वतः लिहिलं की मोकळ्या रानात कळप म्हणजे साधारणपणे आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तिथे लढून गादी मिळवलेला अल्फा वगैरे नसतो. ते जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून ते स्वतः प्रकाशकाच्या मागे लागले होते, २०२२ मध्ये ते थांबलं. ज्याने हे पसरवलं तोच मागे घेतोय आणि आपण अजून फॉरवर्ड करतोय. शिवाय कुत्रा हा लांडगा नाहीच, पण ते राहू दे.

चौथा नियम, सोफा. यात वर्चस्वाचा काही संबंध नाही, हाडं टोचतात आणि थंडी वाजते म्हणून तो मऊ जागा शोधतो. तुम्हाला सोफ्यावर नको असेल तर नको, तुमचं घर आहे, जाड गादी द्या. पण ढकलू नका, आणि झोपलेला असताना तर हातही लावू नका. हे मी जरा जोर देऊन सांगतेय, कारण ग्रेहाउंडच्या रक्ताच्या कुत्र्यांमध्ये झोपेत दचकून चावा घेण्याचा प्रकार बऱ्याचदा दिसतो, आणि त्यातले काही चक्क डोळे उघडे ठेवून झोपतात, त्यामुळे जागा आहे असं वाटतं. लांबून नाव घ्या, जागा झाला, तुमच्याकडे बघितलं, मग खाऊचा तुकडा जमिनीवर टाका, उतरेल आपोआप. घरात लहान मूल असेल तर त्यालाही हे आधी शिकवा.

भांड्यात हात घालण्याबद्दल एवढंच विचारते, तुमच्या जेवत्या ताटात रोज कुणी हात घातला तर तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवाल का ताटाला हात आडवा लावाल? उपाशी राहिलेल्या कुत्र्याला अन्नावरून भांडायला शिकवायची ही सरळ रीत आहे. त्याऐवजी तो खात असताना लांबून जाता जाता भांड्याच्या दिशेने त्याहून चांगलं काहीतरी टाका आणि पुढे निघून जा. माणूस जवळ आला की ताटात भर पडते, हे कळलं की पुरे. आधी कोण जेवलं याने त्याला काहीही फरक पडत नाही.

पाचव्यात अर्धं खरं आहे, मान्य करते. घरात नियम हवेत आणि ते सगळ्यांचे सारखे हवेत, एकाने जवळ घ्यायचं आणि दुसऱ्याने ओरडायचं यात कुत्रा गोंधळतो. दारात थांबायला शिकवणंही चांगलंच, बाहेर रस्ता असतो म्हणून, मालकी दाखवायला नाही.

सहावा उलटा करा. पहिले काही आठवडे तोच रस्ता, तीच वेळ, तीच माणसं. भीतीत बुडवून भीती मोडत नाही.

आणि सातवा. हा वाचून मला खरंच राग आला. लर्चर काही ढांगांत पूर्ण वेगात जातो आणि तो वेग ताशी ५०-६० किलोमीटरच्या घरात असतो. समोर ससा किंवा खार हलली की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही, त्यात तुम्हाला मानण्या-न मानण्याचा प्रश्न येत नाही, पिढ्यान् पिढ्या त्याच कामासाठी पैदास केलीय त्याची. पुढे मोठा रस्ता असला तर? इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या मागे लागला तर ठराविक परिस्थितीत शेतकऱ्याने गोळी घातली तरी कायदा शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहू शकतो. नऊ दिवसांच्या ओळखीवर ही परीक्षा घ्यायची? इंग्लंडमध्ये कुंपण असलेलं मैदान तासावर भाड्याने मिळतं, त्यात सोडा. बाकी वेळी लांब दोरी, आणि ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, मानेच्या पट्ट्याला नाही, कारण त्या वेगात दोरी संपली की सगळा झटका मानेला बसतो. साधा पट्टा यांच्या डोक्यावरून सहज निघतो, डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, म्हणून रुंद मार्टिंगेल पट्टा घ्या, ओढ बसली की थोडा आवळणारा.

माझी लर्चर येऊन चार वर्षं झाली. माझ्या हातातून पहिल्यांदा खाल्लं तेव्हा सहावा आठवडा चालू होता, आणि तोपर्यंत मी काय केलं तर जमिनीवर तिच्याकडे पाठ किंवा कूस करून बसायचे, उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे तिच्याही पलीकडे टाकायचे, म्हणजे खायला तिला माझ्यापासून लांब जावं लागेल, जवळ नाही. परत यायचं की नाही ते तिने ठरवायचं. नंतर हात लावायला लागले तेव्हाही तीन सेकंद छातीला खाजवायचं आणि हात काढायचा. पुढे सरकली तर अजून, नुसती उभी राहिली तर नाही. वरून डोक्यावर हात कधीच नाही.

हेच सगळं ताईला फोनवर सांगितलं, भावोजीही ऐकत होते, त्यांना खूप वाईट वाटलंय आणि त्यांना बोल लावायला मी हे लिहीत नाहीये, त्यांनी विश्वासाने वाचलं. पट्टा सध्या काढायचाच नाही असं ठरलंय. काल रात्री ताईचा मेसेज आला. भावोजी पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून वीस मिनिटं बसले होते, न बघता मागे तुकडे टाकत. कुत्रा सोफ्यामागून अर्धा बाहेर आला, चार तुकडे खाल्ले, परत आत गेला. ते आज रात्री पुन्हा बसणार आहेत.