घरची सहामाही

"आई, आमची सहामाही कधी आहे?"

थोरलीने हे विचारलं तेव्हा मी घटाला पाणी घालत होते. पाचवी माळ. बाहेर ऑक्टोबर हीट, आणि अखंड दिवा विझेल म्हणून देवघरात पंखा बंद. डोकं आधीच तापलेलं.

"आपल्याकडे परीक्षा नसते. आपण घरी शिकतो ना?"

"पण समोरची ताई म्हणाली, सहामाही झाल्याशिवाय दिवाळीची सुट्टी लागत नाही."

"अगं, तुम्हाला तर रोजच सुट्टी!"

"मग रोज नऊ वाजता पाढे का म्हणून घेतेस?"

धाकटा तिच्या मागे उभा होता. वय वर्षं ५. सहामाही म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ती सगळ्यांना मिळते आणि आपल्याला मिळालेली नाही एवढं कळलं होतं. त्याने भोकाड पसरलं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही थोरलीला शाळेतून काढलं आणि धाकट्याला घातलंच नाही. तेव्हापासून नात्यातल्या प्रत्येक लग्नात मठ्ठ्याचा पेला हातात धरून मी परीक्षापद्धतीवर बोलत आले आहे. गुण, क्रमांक, घोकंपट्टी, कुतूहलाचा बळी. घोकंपट्टीविरुद्धचं हे भाषण मला आता इतकं पाठ आहे की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. समोरून येणारे प्रश्नही ठरलेले. "दहावीचं काय?" याला माझं उत्तर तयार असतं: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, १९८९ पासून आहे, १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, आणि त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या पातळ्याही आहेत. मामेसासरे हे सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "ते ठीक आहे गं, पण शाळा कुठली?" कोणी कायद्याचं काढलं की मात्र मी जिलबी आणायला उठते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी शाळा आहे, घरशाळेबद्दल अक्षर नाही. आणि जे लिहिलेलंच नाही त्यावर मठ्ठा पिता पिता बोलणं अवघड जातं.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आंदोलन मागे?"

खरा घोटाळा अण्णांमुळे झाला. अण्णा म्हणजे माझे सासरे, ३४ वर्षं गणित शिकवून निवृत्त. आमच्या घरशाळेबद्दल त्यांनी तीन वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. फक्त जून उजाडला की आठवडाभर ते जेवताना कोणाशी बोलत नसत. सहामाही हा शब्द कानावर पडला आणि त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"वेळापत्रक मी लावतो," ते म्हणाले. "तू फक्त पेपर काढ. आणि जरा अवघड काढ."

त्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा बारापर्यंत चालू होता. सकाळी फ्रिजवर वेळापत्रक चिकटलेलं होतं. खाली पट्टीने दोन रेघा मारून लिहिलं होतं: 'हुकुमावरून'.

परीक्षा दसऱ्यानंतर लगेच घ्यायची होती. पण दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, पुस्तकं पूजेला लावली, आणि पूजेतली पुस्तकं उचलायची नसतात हे धाकट्याला आजीने सांगितलं. पुढचे तीन दिवस त्याने कोणालाही त्यांना हात लावू दिला नाही. पाढ्यांचं पुस्तक त्याने आपणहून सगळ्यात खाली, भरपूर हळदकुंकू वाहून ठेवलं होतं.

पेपर काढायला बसले आणि लक्षात आलं, जूनपासून काय काय शिकवलं याची यादी अर्ध्या पानाच्या पुढे सरकत नाही. मग गेल्या महिन्याभरात घरात जे घडलं त्यावरच प्रश्न काढले. लग्नात याला मी 'अनुभवाधारित शिक्षण' म्हणते.

परीक्षेच्या दिवशी आजीने दोघांच्या हातावर दही-साखर घातली. मावशीचा नाशिकहून 'ऑल द बेस्ट'चा फोन आला. जेवणाच्या टेबलाची दोन टोकं म्हणजे दोन परीक्षा केंद्रं, कारण कॉपी होऊ नये. एकाला 'क' काढायचा होता आणि दुसरीला तीन अंकी बेरीज, तरीही. अण्णांनी देवघरातली घंटा वाजवली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने कपडे आणले तर त्यालाही त्यांनी तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं.

पहिला प्रश्न: भोंडला नऊ दिवस. पहिल्या दिवशी एक गाणं, मग रोज एक वाढवायचं, तर एकूण गाणी किती? थोरलीने बोटं मोडून ४६ लिहिले.

"पंचेचाळीस," अण्णांनी लाल पेनने फुली मारली.

"पण शेवटच्या दिवशी आजीने एक जास्तीचं म्हटलं होतं."

"म्हटलं होतंच मी," सुपरवायझर स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यावरून दोन निवृत्त माणसांत जे झालं ते मी लिहीत नाही. शेवटी अर्धा गुण मिळाला.

घटातलं धान्य पिवळं का उगवतं? याचं उत्तर तिने बरोबर लिहिलं होतं: उजेड नसला की हरितद्रव्य तयार होत नाही. खाली पुरवणी वाक्य: 'आणि आमची आई देवघराची खिडकी उघडत नाही.' इथे अण्णांनी पूर्ण गुण देऊन समासात 'निरीक्षण उत्तम' असा शेरा मारला. मला वाटतं, त्यांच्याही मनात ते तीन वर्षं होतं.

धाकट्याची तोंडी परीक्षा होती. आपटा आणि कांचन यांतला फरक सांग. दोघांचीही पानं मधे चिरलेली, आपट्याचं लहान, कांचनाचं मोठं, एवढंच उत्तर अपेक्षित होतं. तो म्हणाला, "आपटा म्हणजे खरं सोनं आणि कांचन म्हणजे बाबांनी आणलेलं." नवरा त्या वेळी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. नंतर त्याने गुण कापण्याची मागणी केली, ती फेटाळण्यात आली.

"राजगडाच्या माच्या सांग."

"पद्मावती, सुवेळा, संजीवनी आणि गॅलरी."

"तीनच आहेत बाळा."

"आमच्या राजगडाला चार आहेत." गेल्या दिवाळीतला किल्ला गॅलरीत होता, हे अण्णांना मान्य करावं लागलं.

लेखी पेपरात त्याने दोनच ओळी लिहिल्या आणि हात वर करून पुरवणी मागितली. हुशार मुलं पुरवणी घेतात, ही माहितीसुद्धा समोरच्या ताईकडूनच. पुरवणीवर हत्ती काढला. मग ती दोऱ्याने बांधायची असते हे कळल्यावर पेपर बांधायला वीस मिनिटं घेतली, आणि तेवढा वेळ घरात जी शांतता होती ती मी तीन वर्षांत अनुभवली नव्हती.

निकाल दुसऱ्या दिवशी. थोरलीला ४० पैकी ३१.

"वर्गात कितवी?"

"पहिली," अण्णा म्हणाले.

"आणि हा?"

"तोही पहिला. त्याच्या वर्गात."

थोरलीने क्षणभर विचार केला आणि भावाकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "म्हणजे तू शेवटचापण आलास." पुन्हा भोकाड. गुण, क्रमांक यांवरचं माझं भाषण ओठावर आलं होतं, पण त्या आवाजात ऐकू कोणाला गेलं असतं?

तर अशी आमच्याकडे दिवाळीची सुट्टी लागली. अण्णांनी रोज एक पान शुद्धलेखनाचा दिवाळीचा अभ्यासही दिला. तो घेऊन दोघं सोसायटीभर मिरवून आली. समोरच्या ताईने तो वाचला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लिफ्टऐवजी जिना धरला.

सुट्टी म्हणजे नऊ वाजताचे पाढे बंद आणि सात वाजल्यापासून किल्ला चालू. गॅलरीत माती, मोरीत माती, भिजवलेली गोणपाटं टीव्हीच्या स्टँडवर. लाडवांसाठी आणलेलं अळीव बालेकिल्ल्यावर पेरून मोकळे. पावशेर! तिसऱ्या दिवशी उगवलंही, हिरवंगार, कारण गॅलरीला खिडकी नाही, हे थोरलीने मला दोनदा समजावून सांगितलं. माझे हात चकलीच्या भाजणीत, सोऱ्याची चकती धाकट्याने बुरुजाला लावलेली.

"आता मला सुट्टी कधी?" मी कोणाला उद्देशून नाही, नुसतंच म्हटलं.

"तू पेपर कुठे दिलास?" थोरली म्हणाली.

दुपारी टेबलावर पॅडला लावलेला कागद होता. वर माझं नाव, इयत्ता 'आई', वेळ एक तास, एकूण गुण १०. धाकट्याने घंटा वाजवली. प्रश्न एकच होता: 'चकल्यांचा मोठा डबा कुठे लपवला आहे ते सविस्तर लिहा.'

मी तो ऑप्शनला टाकला.